साप चावल्याची खूणच दिसत नसेल, तर डॉक्टर मण्यार कसा ओळखतात? सापाचा फोटो लागतो का?

पापण्यांवरून. निदान मी तरी त्यावरूनच ओळखतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट. श्रावणात एका पहाटे बाप दहा-बारा वर्षांच्या पोरीला मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला, मागून चुलत्यानं धरलेलं. जमिनीवर गोधडी टाकून झोपलेली पोर रात्री पोट धरून उठली, उलट्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. बाप म्हणाला, "साहेब, आता ती डोळंच उघडंना."

बोलणं नाकातून, लाळ गिळता येईना. "वर बघ" म्हटलं तर पापण्या अर्ध्यावरच. अंगावर ना खूण, ना सूज. मण्यारचे दात इतके बारीक की झोपेतल्या माणसाला चावा कळतही नाही. लगेच सापाच्या लसीच्या 10 व्हायल सुरू केल्या. नळीतलं रक्त 20 मिनिटांत नीट गोठलं, पण मण्यारच्या विषात ते गोठतंच; ती तपासणी घोणस-फुरशासाठी. तोवर श्वास उथळ व्हायला लागला. 108 मधून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत मी आणि सिस्टर आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देायची पिशवी, दाबत गेलो. पोरगी व्हेंटिलेटरवर राहिली आणि आपल्या पायांनी घरी गेली.

नंतर गावातले तेच डॉक्टर मला चारचौघांत म्हणाले, "खूण नसताना 10 व्हायल घातल्या? रिअॅक्शन आली असती तर?" तेव्हा बोललो तेच इथेही लिहितो: रिअॅक्शनसाठी अॅड्रेनालिन भरून ठेवलेलं होतं. श्वास बंद पडल्यावर पित्ताचं इंजेक्शन काय करणार होतं? लस रक्तातलं विष मारते, पण नसांची टोकं एकदा निकामी झाली की ती दुरुस्त करत नाही. खूण सापडेपर्यंत थांबणं म्हणजे तीच वेळ घालवणं. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्याला "कुठे झोपला होतास?" हे न विचारणारा डॉक्टर माझ्या लेखी निष्काळजीच.

फोटो नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच लस आहे. साप शोधण्यात वेळ घालवू नका.

प्रत्येक पोटदुखी मण्यारची नसते, हेही खरं. लक्षणं नसतील तर लस मीही देत नाही, पण संशय असला तर 24 तास ठेवून घेतो आणि पापण्या पुन्हा पुन्हा बघतो. तुम्ही एवढं करा: पोरांना कॉटवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपवा. आणि दवाखान्यात गेलात तर "खाली झोपलो होतो" हे न विचारताच सांगा.