‘तो मेलबर्नला, मी मुलुंडला’: दूर राहून पार्टनर व्हिसाची तयारी

‘लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र राहिलो ते जेमतेम तीन आठवडे. मग आमचा संसार खरा आहे हे त्या लोकांना पटवायचं कसं?’ नवरा किंवा बायको ऑस्ट्रेलियात आणि दुसऱ्याला तिकडे राहायला जाण्यासाठी पार्टनर व्हिसा हवा, अशा जोडप्यांची ही हमखास काळजी; ‘ती लोकं’ म्हणजे अर्ज तपासणारे तिथले अधिकारी. एका जोडप्याच्या निमित्ताने तिचं उत्तर देतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी मुलुंडची, नोकरी बीकेसीत. नवरा मेलबर्नला, तिथला पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेला. सासर नाशिकचं. स्थळ ओळखीतून आलेलं. लग्नानंतरचे दिवस थोडे नाशिकला, थोडे मुलुंडला आणि चार दिवस कोकणात गेले. रजा संपल्यावर तो परत गेला आणि नोकरीमुळे ती माहेरीच राहिली. एका एजंटाने तिला सांगितलं होतं की माहेरी राहतेस हे फॉर्मवर दिसता कामा नये, पत्ता नाशिकचा टाक आणि पाचशे फोटो जमव. दुसरा सल्ला निरुपयोगी, पहिला धोकादायक. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचं ठरलं तर अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय तीन वर्षं पुढचा व्हिसा अडू शकतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या १९५८च्या मायग्रेशन अ‍ॅक्टमध्ये पती-पत्नीने एकत्र राहावं, किंवा निदान ते ‘कायमचे वेगळे’ राहत नसावेत, असं म्हटलं आहे. कामापायी तात्पुरतं दूर राहणं त्यात बसतं. अर्जासोबत दोघांनी जे निवेदन लिहायचं असतं, त्यात काय हवं हे तिथलं इमिग्रेशन खातं स्वतः सांगतं, आणि त्यात ‘तुम्ही एकमेकांपासून दूर घालवलेला काळ’ हाही मुद्दा असतो. म्हणजे दुरावा लपवायचा नसून लिहायचाच आहे: का, कधीपासून, कधीपर्यंत, आणि त्या काळात संसार कसा चालला.

हा ३०९/१०० व्हिसा. अर्ज करताना अर्जदार ऑस्ट्रेलियाबाहेर हवा. आधी तात्पुरता ३०९ मिळतो, कायमच्या १००चा विचार साधारण अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होतो. नवरा तिथला नागरिक, पर्मनंट रेसिडेंट किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असेल तरच तो स्पॉन्सर होऊ शकतो. तात्पुरत्या वर्क व्हिसावर असेल तर हा रस्ताच नाही, हे पैसे भरण्याआधी बघा. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, आणि अर्ज नाकारला म्हणून ती परत मिळत नाही.

नातं चार बाजूंनी तपासतात: पैसा, घर, समाज आणि एकमेकांशी बांधिलकी. दूर राहणाऱ्यांची घराची बाजू लंगडी असते, हे मान्यच करायचं. या मुलीने निवेदनात सरळ लिहिलं की तीन आठवड्यांत कुठल्या तारखांना कुणाच्या घरी राहिलो, नंतर नोकरीमुळे माहेरी राहते, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार नाशिकला जाते. सोबत तिकिटं जोडली आणि नवऱ्याने मेलबर्नला दोघांसाठी घर शोधताना एजंटशी केलेला ईमेलव्यवहार. एवढं पुरेसं बोलकं होतं.

पैशाच्या बाजूला लोक घाईने जॉइंट अकाउंट उघडतात. उघडा, पण नीट. परदेशी राहणाऱ्याला भारतातलं जुनं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. या नवऱ्याचं तेच राहून गेलं होतं. बायकोचं नाव मग त्या एनआरओ खात्याला जोडता येतं. मात्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलेलं आणि एकच व्यवहार असलेलं खातं फार काही सांगत नाही. त्यापेक्षा नॉमिनी बघा. लग्नाआधी पीएफला आई-वडिलांचं नाव दिलं असेल तर लग्नानंतर ते नॉमिनेशन आपोआप रद्द ठरतं आणि नव्याने करावं लागतं. तिने ईपीएफओच्या पोर्टलवर नवऱ्याचं नाव घातलं, त्याने तिथल्या सुपरअ‍ॅन्युएशनला (‘सुपर’, म्हणजे आपल्या पीएफसारखा निवृत्तीचा निधी) तिचं. बांधिलकी दाखवणारे असे कागद फारसं कुणी जोडत नाही.

चॅटचा तर डोंगर असतो. मुळात एका फाइलला पाच एमबीची मर्यादा, आणि इंग्रजीत नसलेल्या कागदाचं भाषांतर लागतं. ‘जेवलीस का’ रोमन लिपीत लिहिलं तरी ते मराठीच. भाषांतर भारतात करून घेतलं तर भाषांतरकाराने त्यावर इंग्रजीत पूर्ण नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि अनुभव लिहायचा असतो. म्हणून दर महिन्याची दोन-तीन पानं निवडायची, आणि लाडिक बोलणं नव्हे, निर्णय दिसणारी. या दोघांच्या चॅटमधलं सगळ्यात कामाचं पान होतं त्याच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. रजा कोण घेणार, बिल कुणाच्या कार्डावर, डिस्चार्जनंतर डोळ्यांत थेंब कोण घालणार, सगळं तिथे होतं. शेवटी तीच नाशिकला गेली.

कॉलच्या नोंदीही तशाच. तिची मुलुंडची सकाळी साडेसातची लोकल म्हणजे मेलबर्नला दुपारचे बारा, त्याची जेवणाची सुट्टी. ऑक्टोबर ते एप्रिल तिथलं घड्याळ तासाने पुढे जातं, तेव्हा एक. कामाच्या दिवशी त्याच वेळेला दहा-बारा मिनिटांचा कॉल, कुर्ला येईपर्यंत. महिन्याला एक स्क्रीनशॉट लावला की ती शिस्त दिसते.

फोटो वीस-पंचवीस बास. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते. स्टुडिओतल्या पोजपेक्षा हळदीत दोन्हीकडची माणसं असलेला फोटो चांगला. मंगळागौरीला तो नव्हता, पण एका फोटोत सासूबाईंच्या हातातल्या फोनवर त्याचा चेहरा दिसतो. तो जरूर लावायला सांगितला. ओळखीच्यांनी नात्याची साक्ष देण्यासाठी भरायचे फॉर्म ८८८ मात्र एकाच मजकुराची नक्कल नसावेत. मावशीने तिला दिसलेलं लिहावं, त्याच्या रूममेटने त्याला दिसलेलं.

खरी अडचण दोघांच्या निवेदनांत निघाली. त्याने ‘पहिली भेट’ म्हणून व्हिडिओ कॉलची तारीख लिहिली होती, तिने कांदेपोह्यांची. दोघंही खरं बोलत होते, पण वाचणाऱ्याला ती तफावतच वाटणार. उपाय साधा: पहिलं बोलणं अमुक तारखेला, समोरासमोर भेट तमुक तारखेला, असं दोघांनी लिहायचं. तारखांचा एकच तक्ता करा, निवेदनं मात्र आपापल्या शब्दांत लिहा.

आता क्रम, कारण मुंबईत वेळ जातो तो यात. लग्नाची नोंदणी वॉर्ड ऑफिसला (मुलुंडला टी वॉर्ड) आधी उरकायची. मग नावाचा निर्णय. आपल्याकडे मधलं नाव, आडनाव आणि कधीकधी पहिलं नावही बदलतं. बदलणं सक्तीचं नाही, पण आधार नवं, पॅन जुनं, पासपोर्ट तिसराच, हे टाळा. जुनं नाव कुठेही उरलं असेल तर फॉर्ममध्ये ‘इतर नावं’ म्हणून लिहायचं. नवा पासपोर्ट काढायचाच असेल तर तो आधी, आणि त्याच्याच नंबरवर पासपोर्ट सेवेतून पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट). फी ५०० रुपये. उलट केलंत तर पीसीसीवर जुना नंबर येतो. मेडिकल तपासणी तिथल्या इमिग्रेशन खात्याने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच होते, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. पीसीसी आणि मेडिकल साधारण वर्षभरच धरतात, म्हणून उगाच सहा महिने आधी काढून ठेवू नयेत.

या सगळ्यात भांडण कशावरून झालं? कागदांवरून नाहीच. रोजचा तो लोकलमधला कॉल ‘पेस्लिप पाठवलीस का?’वर येऊन थांबला होता. तो म्हणायचा, ‘तू बघ ना, तुला जमतं.’ ती म्हणायची, ‘मी बायको आहे की कारकून?’ आमच्या मते हा प्रश्न कागदपत्रांइतकाच गंभीर आहे, कारण वाट पाहण्याचा काळ महिन्यांचा असतो. ठरलं असं: व्हिसाचं बोलणं फक्त रविवारी, पाऊण तास. स्पॉन्सरशिपचा फॉर्म, पगाराचे कागद, तिथलं पोलीस चेक, सुपर आणि रूममेटचा फॉर्म त्याच्याकडे. वॉर्ड ऑफिस, पासपोर्ट, पीसीसी, फोटो आणि भाषांतर तिच्याकडे. सामायिक फोल्डरमध्ये ज्याची फाइल नाही, त्याने रविवारी तारीख द्यायची. लोकलमध्ये व्हिसा हा विषय बंद. पहिल्या दोन आठवड्यांत नियम मोडला, मग बसला.

कायदेशीर सल्ला आम्ही देत नाही. तो ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटकडून किंवा तिथल्या वकिलाकडून घ्यावा. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि ओमाराच्या (अशा एजंटांची नोंदणी करणारं तिथलं सरकारी कार्यालय) संकेतस्थळावर स्वतः तपासा. ‘गॅरंटी’ देणाऱ्याला पहिला हप्ताही देऊ नका.

अर्ज भरल्यावर फोल्डर बंद करायचा नाही. निर्णय होईपर्यंत नवे पुरावे चढवता येतात. पत्ता, नोकरी, पासपोर्ट बदलला किंवा दिवस राहिले तर ते कळवावं लागतं. डिसेंबरात तो इथे येणार असेल तर बोर्डिंग पासचा फोटो त्याच दिवशी काढून फोल्डरमध्ये टाका. त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते.