दोन्ही खते विद्राव्य, मग साका कुठून आला?

प्रश्न: कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट या दोन्हींच्या पिशवीवर ‘पूर्ण विद्राव्य’ लिहिले आहे. वेगवेगळ्या बादल्यांत कालवली तर पाणी निवळशंख राहते. दोन्ही घट्ट द्रावणे एका टाकीत ओतली की मात्र दुधासारखे होते आणि तळाला पांढरा साका बसतो. खत बनावट आहे का? असेच ठिबकला सोडले तर चालेल?
(द्राक्षबागायतदार, ता. निफाड)

उत्तर: खत बनावट नाही. तो साका जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट आहे. ठिबकला मुळीच सोडू नका.

क्षार विरघळला की त्यातल्या जोड्या सुटतात. टाकीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि सल्फेट हे चार आयन (विद्युतभार असलेले कण) मोकळे फिरू लागतात. पिशवीत कोण कोणासोबत होता, याला मग काही अर्थ उरत नाही. कॅल्शियमची गाठ सल्फेटशी पडली की पाण्याला ती सहज सोडवता येत नाही.

विरघळणे ही रस्सीखेच आहे. स्फटिकात विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना धरून ठेवतात, तर पाण्याचे रेणू त्यांना वेढून बाहेर ओढतात. खायच्या मिठाचा एक मोल (सुमारे 58 ग्रॅम) स्फटिक फोडायला सुमारे 787 किलोज्यूल लागतात आणि पाण्याच्या वेढ्यातून जवळपास तेवढेच परत मिळतात. चारेक किलोज्यूलची तूट राहते, ती आयन मोकळे पसरल्याने भरून निघते. नायट्रेटवर एकच भार, तोही तीन ऑक्सिजनवर वाटलेला. त्याची पकड ढिली, म्हणून नायट्रेट खते सहज विरघळतात.

कॅल्शियम आणि सल्फेट, दोघांवर दोन-दोन भार, त्यामुळे पकड घट्ट. पण मॅग्नेशियम सल्फेटमध्येही दोन-दोनच भार आहेत, तरी ते लिटरमागे अर्ध्या किलोहून बरेच जास्त विरघळते. नुसते भार मोजून अंदाज चुकतो तो इथेच. मॅग्नेशियमचा आयन लहान, त्रिज्या 72 पिकोमीटर; कॅल्शियमची 100. लहान आयनाला पाण्याचे सहा रेणू अगदी जवळून चिकटतात. सल्फेट आधीच मोठा, त्यामुळे मॅग्नेशियम लहान असल्याचा लाभ स्फटिकाला थोडाच होतो, पाण्याला भरपूर. बेरियम आणखी मोठा, म्हणून बेरियम सल्फेट लिटरमागे जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते. बेरियमचा आयन विषारी असूनही पोटाच्या एक्स-रेआधी हे सल्फेट रुग्णाला पाजता येते, ते याच कारणाने.

आता तुमच्या टाकीचा हिशेब. 10 लिटर पाण्यात दोन्ही खते एकेक किलो टाकली तर 700 ग्रॅमच्या आसपास जिप्सम तयार होऊ शकते. साधे पाणी लिटरमागे अडीच ग्रॅम, म्हणजे 10 लिटरमध्ये 25 ग्रॅम जिप्सम धरते. इतर क्षारांमुळे थोडे जास्त विरघळेल, पण बहुतेक खाली बसणारच. बारीक सुयांसारखे हे स्फटिक फिल्टरमध्ये आणि ड्रिपरच्या वाटेत अडकतात. पाणी तापवूनही उपयोग नाही, साधारण 40 अंशांपुढे जिप्समची विद्राव्यता उलट घटते.

कॅल्शियम नायट्रेटला स्वतंत्र टाकी ठेवा. सल्फेटची खते आणि फॉस्फेटची खते (उदा. 12:61:00, 0:52:34) दुसऱ्या टाकीत. सोडायचेही वेगळ्या दिवशी; एकाच दिवशी द्यावी लागली तर मध्ये लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) टोकापर्यंत साधे पाणी फिरू द्या. नवे मिश्रण करण्याआधी बोअरचेच पाणी काचेच्या बाटलीत घेऊन खते टाकीतल्याच प्रमाणात मिसळा, हलवा आणि रात्रभर ठेवा. जिप्सम कधीकधी उशिरा खाली बसते, म्हणून पाच मिनिटांत पाणी स्वच्छ दिसले तरी विश्वास ठेवू नका.

ड्रिपर आधीच चोंदले असतील तर आम्ल सोडण्याची घाई नको. कार्बोनेटचा थर आम्लाने जातो, कारण कार्बोनेट हायड्रोजन आयन घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. सल्फेट हायड्रोजन आयन सहज घेत नाही, म्हणून जिप्सम तसेच राहते. सल्फ्युरिक आम्ल तर सल्फेटची भरच घालते. कमी क्षाराचे साधे पाणी बराच वेळ फिरवा, लॅटरलची टोके उघडून गाळ बाहेर काढा आणि तरीही बंद राहिलेले ड्रिपर बदला.