गावाची बातमी करताना

सुरुवात एकाच ग्रामपंचायतीपासून करा. अख्खा तालुका अंगावर घेतलात तर कुठलीच बातमी तळापर्यंत जात नाही. ग्रामसभा चुकवू नका, पण भाषणांपेक्षा ठराव महत्त्वाचा. सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. गटाराच्या कामावर खर्च दाखवलेला दिसला की जागेवर जा, टेपने लांबी मोजा, फोटो काढा. मग झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे एमबीची, प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘भ्रष्टाचार का झाला?’ असं विचारलंत तर हाती काही लागत नाही. कागदाचं नाव, कामाचं नाव आणि वर्ष लिहा.

छापण्याआधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांची बाजू घ्याच, शक्यतो लेखी. ज्याच्याविरुद्ध लिहिता तोच उद्या वाढदिवसाची जाहिरात देणारा असतो, आणि छोटी वृत्तपत्रं वाकतात ती इथेच. म्हणून थोडी का होईना, वाचकांकडून वर्गणी पहिल्या महिन्यापासून घ्या. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव तर नकोच, पण वाडी, शाळा, नातंही देऊ नका. लहान गावात तेवढ्यावरून ओळख पटते.