बेस मोबाइलवर गायब का होतो?

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे, लॅपटॉपवर फुकटचा व्हायटल सिंथ (आवाज तयार करायचं सॉफ्टवेअर) टाकलाय आणि १२४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांचा, हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ट्रॅक करतोय. बेसलाइन हेडफोनवर एकदम खतरनाक वाटते पण मोबाइलवर लावली की बेसच नाही, नुसती हायहॅट आणि क्लॅप. आवाज वाढवला तर किक ड्रमबरोबर सगळा चिखल. एखादा भारीतला प्लगिन घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे खिशातच राहू दे, व्हायटलमध्ये सगळं आहे. माझा अंदाज, तू नुसती साइन वेव्ह, म्हणजे सगळ्यात साधी गुळगुळीत लहर, लावलीयेस. साइनमध्ये फक्त मूळ सूर, वर काहीच नाही, आणि ए वन नोट म्हणजे ५५ हर्ट्झ, ते मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघणार कुठून? तीच नोट सॉ वेव्हवर (करवतीच्या दातासारखी लहर) वाजव, मग ५५ च्या डोक्यावर ११०, १६५, २२०, २७५ असे हार्मोनिक्स, म्हणजे वरचे जोडसूर, येतात, मोबाइल त्यातले वरचे वाजवतो आणि खालचा सूर कान आपला आपण धरतो. मीपण सुरुवातीला हेडफोन लावून सबवर सब (अगदी खालचा बेस) चढवायचो, मित्राच्या गाडीत लावलं तर दाराचं प्लास्टिक खडखडायला लागलं, सूर मात्र एकही कळेना.

आता असं कर. पहिल्या ऑसिलेटरवर (लहर काढणारा भाग) सॉ, तो २४ डीबीच्या लो-पास फिल्टरमधून (वरचे सूर कापणारा) काढ, कटऑफ, म्हणजे कापायची जागा, १५० हर्ट्झच्या आसपास. दुसरा एन्व्हलप (नोटेबरोबर चढ-उतार ठरवणारा भाग) कटऑफला जोड, सस्टेन (नोट धरून ठेवली तर टिकणारी पातळी) शून्य, डिके (उतरायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद, आणि तो फिल्टरला हजारेक हर्ट्झपर्यंत उघडू दे. प्रत्येक नोटला जो "बँव" ऐकू येतो ना, तो इथून येतो. दुसऱ्या ऑसिलेटरवर साइन, पण ती फिल्टरमध्ये घालू नकोस, थेट बाहेर काढ म्हणजे तळ हलत नाही. व्हॉइस एकच ठेव, म्हणजे एका वेळी एकच नोट. युनिझन (एकाच नोटेच्या किंचित बेसूर प्रती) लावून बेस रुंद करायचा मोह सगळ्यांना होतो, खाली तरी नको, मोनोच (दोन्ही कानांत सारखा) बरा. शेवटी थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट), चटणीएवढंच.

चिखलाचं कारण वेगळं. एका मापाचे सोळा भाग, म्हणजे स्टेप, धरले तर तुझी किक १, ५, ९, १३ वर असणार आणि बेसही तिथेच धडकत असणार. बेस ३, ७, ११, १५ वर टाक, १६ वर एखादी नोट एक ऑक्टेव्ह वर. नोटा तोकड्या ठेव. हे न करताच लोक साइडचेन (किक वाजली की बेस दाबणारी जोडणी) लावतात आणि मग ट्रॅक धापा टाकतो.

ग्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, मात्र जरूर खेळून बघ. डग्ग्यावर तळहात घासून सूर ओढतात तसंच आहे ते. असाच स्लाइड असलेली रोलँड कंपनीची टीबी-३०३ ही छोटी पेटी, एक ऑसिलेटर, एक फिल्टर, बेस गिटारवाल्याच्या जागी वाजवायला म्हणून १९८१ मध्ये काढली आणि १९८४ मध्ये बंदही केली, इतकी ती चालली नाही. पण हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत तिला साथीला घेऊन चक्क राग वाजवले. अमेरिकेतल्या शिकागोवाल्यांनी त्याच पेटीतून ॲसिड हाऊस, हाऊसचाच एक प्रकार, काढलं ते नंतर. म्हणजे बघ, प्लगिन महागडा नसला तरी अडत नाही.

एवढं करूनही किक-बेस भांडलेच तर किक कुठल्या सुरात आहे ते बघ आणि पुढच्या पत्रात कळव.