सेल्समन म्हणतो वॉरंटी आत्ताच घ्या, घेऊ का?

दसरा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. मायलेज, रंग, सनरूफ सगळं मागे पडतं आणि शोरूममध्ये शेवटच्या कागदावर सही करताना जो एक आकडा मधेच येतो त्याच्याबद्दल लोक विचारायला लागतात. म्हणून यावेळी बाकीचं बाजूला ठेवून एक्स्टेंडेड वॉरंटीचीच, म्हणजे कंपनीच्या साध्या वॉरंटीच्या पुढे पैसे देऊन वाढवून घ्यायच्या वॉरंटीची पत्रं घेतोय.

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. दसऱ्याची डिलिव्हरी आहे, छोटी पेट्रोल गाडी, एएमटी ऑटोमॅटिक. मी आणि मिस्टर दोघंही लोकलने ऑफिसला जातो त्यामुळे गाडी शनिवार-रविवार, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला आणि वर्षातून दोनदा चिपळूणला. शोरूमचा मुलगा म्हणतो तीन वर्षांची वॉरंटी कंपनीचीच आहे, तिच्यावर अजून तीन वर्षं घ्या, १८,५०० रुपये, एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत बंपर टू बंपर टेन्शन नाही, आणि आज नाही घेतली तर नंतर महाग पडेल. दीर म्हणतात डोळे झाकून घे. शेजारचे काका म्हणतात लुबाडतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या गाडीचे किलोमीटर मोजू, कारण त्या मुलाने ते मोजलेले नाहीत. दर वीकेंडला ५० किलोमीटर धरले तरी वर्षाचे अडीच हजार, चिपळूणच्या दोन फेऱ्यांचे हजारेक, डॉक्टर वगैरे धरून अजून थोडे. म्हणजे वर्षाला चार-साडेचार हजार. सहा वर्षांनी तुमची गाडी फार तर सत्तावीस हजार चाललेली असेल. तो तुम्हाला एक लाख साठ हजारांचं सांगतोय, त्यातले एक लाख तीस हजार तुमच्या कामाचेच नाहीत. तुम्ही विकत घेताय ती फक्त तीन वर्षं. तेव्हा भाव करताना, घासाघीस करताना, मनात हिशोब करताना तेवढंच धरा, १८,५०० भागिले तीन, वर्षाला सहा हजारांच्या वर.

आता दिरांचं. ते चुकीचं सांगत नाहीत, पण बहुतेक त्यांनी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट सांगतायत. मारुतीचंच उदाहरण घ्या, २०२४ च्या जुलैपर्यंत साधी वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर असायची, तेव्हा तिसऱ्या वर्षी काही गेलं की माणूस उघडा पडायचा आणि म्हणून सगळे म्हणायचे घेऊन टाक. आता तीच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे. टोयोटाचीही तेवढीच, ह्युंदाईची ३ वर्षं आणि किलोमीटरला मर्यादाच नाही. नवीन गाडीत जे मुळातच खराब बसवलेलं असतं ते बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत डोकं वर काढतं, आणि ती वर्षं आता फुकटात कव्हर आहेत.

बंपर टू बंपर हा शब्द मात्र त्या मुलाने कुठून उचलला ते मला माहितीये. तो इन्शुरन्सवाल्यांचा शब्द आहे, झिरो डेप पॉलिसीला, म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टच्या जुनेपणाचे पैसे कापत नाहीत त्या पॉलिसीला, लोक तसं म्हणतात. बंपरला कोणी ठोकलं, रिक्षा घासून गेली, तर इन्शुरन्स. वॉरंटीचा त्याच्याशी काही संबंध नाही. वॉरंटी म्हणजे पार्ट बनवताना किंवा बसवतानाच काही खोट राहिली आणि तो आपणहून गेला तर कंपनी बदलून देणार. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतलं काम, एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगची मोटर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, स्टार्टर, फ्युएल पंप, काचेची मोटर, असलं सगळं साधारण त्यात येतं. यातलं एक जरी चौथ्या-पाचव्या वर्षी गेलं तरी बिल पाच आकडी होतं, हे खरं आहे. पण ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, ऑइल, रबरी बुश हे वापरून झिजतं म्हणून त्यात नाही, टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची वेगळी, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेने पत्र्याला गंज धरला तर तोही बहुतेक वेळा नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर नाहीच नाही, आणि भांडुपच्या सोसायटीत पाच-पाच दिवस उभ्या गाडीत उंदीर किती आवडीने राहतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

एएमटीवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या हातापायांऐवजी एक छोटं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्चुएटर करतो. तो अ‍ॅक्चुएटर किंवा त्याचा कंट्रोल युनिट बिघडला तर साधारण वॉरंटीत बसतो आणि तो महागातला पार्ट आहे, तुमच्या बाबतीत वॉरंटी घ्यायचं सगळ्यात मोठं कारण तेच. पण क्लच प्लेट झिजली तर नाही. आणि एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा पुलाच्या चढावर ब्रेक न लावता नुसतं अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर प्लेट लवकर जाते, मग माणूस काउंटरवर येऊन भांडतो की गिअरचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटी आहे, पैसे कसले मागता. मी बावीस वर्षं अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड, म्हणजे गाडीत काय काम करायचं त्याचे कागद, लिहिली आहेत, हे भांडण महिन्याला एकदा तरी व्हायचंच, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटायचं कारण विकताना त्याला हे कोणी सांगितलेलंच नसायचं. विकणाऱ्यांना टार्गेट असतं, आम्हालाही असायचं, महिन्याला इतक्या वॉरंट्या. काका लुबाडणूक म्हणतात ती तिथे आहे, वस्तूत नाही.

आणि आता तुमच्यासारख्यांना जिथे खरा फटका बसतो ते सांगतो. सर्व्हिसच्या पुस्तकात १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष असं लिहिलेलं असतं आणि पुढे चार शब्द असतात, जे आधी होईल ते. लोकलने फिरणारा माणूस मीटर बघतो, चार हजार, अरे अजून निम्मंही नाही झालं, सर्व्हिस कशाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळी जाते, शिमगा येतो. मग दोन वर्षांनी काही बिघडतं, कंपनी रेकॉर्ड काढते, एक सर्व्हिस गाळलेली, क्लेम बाद. तुमच्या गाडीला किलोमीटर कधीच आधी येणार नाहीत, तारीखच येणार, म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात ऑथोराइज्ड वर्कशॉपलाच जायचं आणि बिल, जॉब कार्ड जपून ठेवायचं. म्हणजे वॉरंटी घेतली की चौथ्या ते सहाव्या वर्षीही गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे सर्व्हिस करता येणार नाही, तो फरकही त्या १८,५०० मध्ये मिळवा. आणि ऑथोराइज्ड वर्कशॉपला गेलात की अंडरबॉडी कोटिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन असं काय काय विचारतील, त्याला सरळ नको म्हटलं तरी वॉरंटीला धक्का लागत नाही, शेड्यूलमध्ये लिहिलंय तेवढं केलं की झालं.

मग घ्यायची की नाही? मी तुमच्या जागी असतो तर दसऱ्याच्या दिवशी घेतली नसती. साधी वॉरंटी संपायच्या आत ती घेता येते, फक्त गाडीचं वय वाढेल तसा रेट वाढतो. शोरूमला विचारा की वर्षाने किती, दोन वर्षांनी किती, आणि ते कागदावर लिहून घ्या. वाढ हजार-दोन हजारांची असेल तर थांबा. दोन वर्षांत तुम्हाला कळेल की ही गाडी त्रास देणारी आहे का, सात-आठ वर्षं ठेवणार आहात का, की चार वर्षांनी मोठी घ्यायचं चाललंय. गाडी ठेवणार असाल तर एएमटी आहे म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसला घेऊन टाका. मॅन्युअल असती तर कदाचित तेव्हाही नको म्हणालो असतो. पण तारीख विसरू नका, मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, कारण एकदा साधी वॉरंटी संपली की काही कंपन्या देतच नाहीत आणि देतात त्या आधी गाडी तपासून बघतात.

दोन बारीक गोष्टी. सर्टिफिकेटवर नाव गाडीच्या कंपनीचं आहे की डीलरने कुठल्या तरी तिसऱ्याची वॉरंटी चिकटवली आहे ते बघा, तिसऱ्याची असेल तर एका क्लेमला किती पैशांची मर्यादा आहे ते आधी वाचा, आणि चिपळूणला बिघडली तर तिथल्या वर्कशॉपला चालेल का तेही विचारा. आणि १८,५०० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लावणार? वॉरंटी किंवा डीलरचाच इन्शुरन्स घेतल्याशिवाय गाडी देणार नाही असं कोणी म्हणालं तर ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, एक वस्तू द्यायला दुसरी गळ्यात मारता येत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तो नुसता मोठ्याने उच्चारला तरी बऱ्याच शोरूममध्ये काम होतं.

प्रश्न : मी कल्याणचा, औषध कंपनीत एमआर आहे. कंपनी फिटेड सीएनजी, मॅन्युअल. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर होतात. वॉरंटी ३ वर्षं / १ लाख, वाढवून ६ वर्षं / १ लाख ६० हजार. घेऊ का?

उत्तर : दादा, तुम्ही घ्या, आणि आत्ताच घ्या. सहा वर्षांत तुमचे दीड लाख होणार, म्हणजे वर्षं आणि किलोमीटर दोन्ही पुरेपूर वसूल. तुमची सर्व्हिस मात्र तारखेआधीच येईल, साधारण दर पाच महिन्यांनी, तेव्हा मीटरवर लक्ष ठेवा. सीएनजीचं किट कंपनीचं आहे म्हणून चिंता नाही, बाहेरून बसवलेलं असतं तर मी एवढ्या झटकन हो म्हणालो नसतो. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून स्वस्तात फॉग लॅम्प किंवा मोठा स्टिरिओ बसवायचा मोह झाला तर वायर कापू देऊ नका, कपलरला कपलर, म्हणजे वायरच्या टोकाचा प्लग प्लगला, लागतो तेवढंच करा, कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलचा कुठलाही क्लेम त्या वायरवर ढकलतात.

प्रश्न : जुलैत अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली. दोन-तीनदा स्टार्टर मारला, मग काहीतरी ठक्‌ झालं. वर्कशॉप म्हणतं इंजिन गेलं, वॉरंटीत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती तरी?

उत्तर : तरी नाही, आणि इथे वर्कशॉप बरोबर आहे. पाणी बाहेरून आलं, इंजिनात दोष नव्हता. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, हवा दबते, पाणी दबत नाही, आणि तुम्ही स्टार्टर मारलात की कनेक्टिंग रॉड वाकतो. तो ठक्‌ तोच.

आता इन्शुरन्सची पॉलिसी काढा आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅड-ऑन आहे का बघा. असेल तर बहुतेक निभेल. नसेल तर आत शिरलेल्या पाण्याने खराब झालेलं इंटिरिअर, सेन्सर वगैरे साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीत, मिळू शकतं, पण इंजिनाबद्दल इन्शुरन्सवाले म्हणणार की पुन्हा पुन्हा चालू करायला गेलात म्हणून गेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक आठवडे आमच्या वर्कशॉपबाहेर टो करून आणलेल्या गाड्यांची रांग होती, आणि ज्यांनी बंद पडल्यावर चावीला हातच लावला नव्हता त्यातल्या कितीतरी गाड्या नुसतं ऑइल बदलून, सुकवून, साफ करून परत गेल्या. म्हणून हिंदमाता असो, मिलन सबवे असो की किंग्ज सर्कल, पाण्यात बंद पडली की चावी काढायची, बाहेर यायचं, फोटो काढायचे आणि टोला फोन करायचा. मुंबईत गाडी घेणाऱ्याकडे वॉरंटी आणि इंजिन प्रोटेक्ट यातल्या एकाचेच पैसे असतील तर मी दुसरं घ्यायला सांगेन, ते दरवर्षी पॉलिसीबरोबर घ्यावं लागतं आणि एक्स्टेंडेड वॉरंटीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

प्रश्न : ओळखीच्यांकडून चार वर्षांची गाडी घेतोय, ते म्हणतात अजून दोन वर्षं वॉरंटी आहे. खरं मानायचं?

उत्तर : त्यांना सोबत घेऊन ऑथोराइज्ड वर्कशॉपला जा, चासी नंबर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आणि कुठली सर्व्हिस गाळली आहे ते स्क्रीनवर दिसतं. व्यवहार त्यानंतर. आरसीवर तुमचं नाव चढलं की वॉरंटीही आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज द्या, थोडी फी असू शकते, बरेच जण हे करत नाहीत आणि पहिल्या क्लेमच्या वेळी जुन्या मालकाला फोन लावत बसतात.