बाओ, बाव की पाव?

प्रश्न असा: पणजीतल्या एका एशियन रेस्टॉरंटच्या मेन्यूवर 'बाओ बन' (फुगवलेल्या मैद्याचा वाफवलेला चिनी पदार्थ) आहे. मराठीत 'बाओ' लिहावं की 'बाव'? लिंग आणि अनेकवचन काय? आणि आपल्या पावाशी याचं काही नातं आहे का?

शेवटचा भाग आधी घेऊ. नातं नाही, पण शंका अगदी रास्त आहे. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना 'बी' हे अक्षर आपल्या 'ब'साठी वापरत नाहीत. तो ध्वनी अघोष आणि अल्पप्राण, म्हणजे जवळजवळ आपला 'प'. त्यामुळे चिनी माणसाच्या तोंडचा बाओ मराठी कानाला 'पाओ' असाच ऐकू येतो. मात्र गोव्याचा पाव पोर्तुगीजांनी आणला, त्याचं मूळ लॅटिन 'पानिस'मध्ये. आणि चिनी शब्दाचा अर्थ आहे गुंडाळणं, पुडी बांधणं. पोर्तुगीज पावाचा खरा आशियाई भाऊबंद जपानीत सापडतो. तिथे ब्रेडला 'पान' म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीजांबरोबरच गेला.

तरीही मराठीत 'बाओ'च लिहावं. शब्द आपल्याकडे मेन्यूच्या रोमन अक्षरांतून आला आणि 'ब'नेच रुळला. 'बाव' नको, कारण मालवणीत बाव म्हणजे विहीर, आणि 'बावात कोळंबी घातली' हे वाक्य पेडण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणालाच झेपणार नाही. लिंग पाव आणि मोदकाप्रमाणे पुल्लिंगी: तो बाओ, एक बाओ, चार बाओ. विभक्ती मोमोसारखी थेट लावावी: बाओचा, बाओत, बाओला. 'बाओ बन' मात्र पिवळ्या पीतांबरासारखं झालं. बाओ म्हटलं की बन त्यात आलाच.

खरा घोळ वेगळाच आहे. मेन्यूवर एकाच नावाखाली दोन पदार्थ येतात. चीनमधला 'बाओझी' सारण भरून, तोंड मिटून वाफवतात. तैवानचा 'ग्वाबाओ' आत काही न भरता, लांबट लाटून, तेलाचं बोट फिरवून, दुमडून वाफवतात आणि ताटात येण्याआधी भरतात. फॅशनेबल रेस्टॉरंटांत बहुधा हा दुसराच मिळतो. पहिल्याला 'भरलेला बाओ' आणि दुसऱ्याला 'घडीचा बाओ' म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. घडीची पोळी आपल्याकडे आहेच, समजावून सांगावं लागणार नाही. मेन्यूवर हा फरक दिसला, तर गिऱ्हाईकाला काय येणार तेही आधीच कळेल. चोरिस (गोव्याचा डुकराच्या मांसाचा मसालेदार सॉसेज) घालायचा तर घडीचाच बरा. मिटलेल्या बाओत त्याची चरबी वितळून कळ्यांच्या सांध्यात उतरते, सांधा धरत नाही आणि बाओ वाफेवर उघडतो.

बाओच्या कृतीसाठी लागणारे बाकीचे शब्द मोदकामुळे आपल्याकडे तयार आहेत: पारी, सारण, कळ्या. 300 ग्रॅम मैद्याला साधारण 160 मिलिलिटर कोमट पाणी, एक चमचा यीस्ट, दोन मोठे चमचे साखर आणि एक मोठा चमचा तेल. पीठ मळून दुप्पट फुगू द्यावं, 45 ग्रॅमचे गोळे करावेत. पारी कडेला पातळ, मध्ये जाड. सगळीकडे सारखी लाटली तर वर कळ्यांचा गठ्ठा होतो आणि तळ फाटतो. सारण थंड हवं, 25 ग्रॅम पुरे. भरल्यावर पुन्हा वीसेक मिनिटं ठेवायचं. गोव्याच्या दमट उकाड्यात पीठ लवकर फुगतं, तेव्हा घड्याळापेक्षा बोटावर भिस्त ठेवावी. हलकं दाबलेला खड्डा हळूहळू भरून आला की झालं. जास्त फुगलेला बाओ वाफेवर बसतो. झाकणाला फडकं बांधून 10–12 मिनिटं मध्यम आचेवर वाफवावं, आच बंद केल्यावर झाकण किंचित तिरकं करून तीनचार मिनिटं थांबावं. झाकण एकदम काढलं तर गार हवा लागून साल सुरकुतते.

इथे क्रियापद 'वाफवणं'च वापरावं. 'उकडलेला बाओ' म्हटलं की उकडलेल्या अंड्यासारखा पाण्यात सोडलेला वाटेल, मोदकाचा 'उकडीचा' सवयीने चालतो तरी.

मोमोला मात्र बाओचा प्रकार म्हणू नये. मोमोच्या पिठात सहसा यीस्ट नसतं, म्हणून त्याची पारी पातळ आणि चिवट राहते. आणि 'डिमसम' हा एक पदार्थ नाहीच. चहाबरोबर खायच्या छोट्या कँटोनीज पदार्थांना मिळून ते नाव आहे. भाजलेल्या डुकराच्या मांसाचं गोडसर सारण भरलेला बाओ त्यांतला एक.