काल्पनिक शहराला ‘गंधर्वनगरी’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: अद्भुतरम्य कादंबरीसाठी रचलेल्या, स्वतःची राजघराणी, पेठा, सणवार असलेल्या शहराला ‘गंधर्वनगरी’ म्हणता येईल का?

माझ्या मते नाही. गंधर्व म्हटले की मराठी माणसाला बालगंधर्वच आठवतात, त्यामुळे गाण्याबजावण्याने गजबजलेले देखणे शहर डोळ्यांपुढे येते. पण मुळात या नगरात कोणी राहतच नाही. आकाशात तटबंदी, बुरूज, पताका दिसल्याचा भास व्हावा आणि बघता बघता सगळे विरून जावे, ते गंधर्वनगर. ज्योतिषी वराहमिहिराने ६व्या शतकात ‘बृहत्संहिता’ या आपल्या ग्रंथात त्यावर वेगळा अध्याय लिहिला, तोही उल्का आणि इंद्रधनुष्याच्या शेजारी, शकुन म्हणून. उत्तरेला दिसले तर पुरोहितावर संकट, पूर्वेला राजावर, दक्षिणेला सेनापतीवर, पश्चिमेला युवराजावर. तो त्याला ‘खपुर’ही म्हणतो, ख म्हणजे आकाश. तत्त्वज्ञानात बौद्ध नागार्जुन काय आणि अद्वैती गौडपाद काय, दोघांनीही हे नगर स्वप्न आणि माया यांच्याच पंक्तीला बसवले.

आता महाभारताच्या वनपर्वातले हिरण्यपूर पाहा. तेही आकाशातच, पण तिथे पौलोम आणि कालकेय दानव नांदतात, ब्रह्मदेवाच्या वराने ते मिळाल्याची कथा आहे. म्हणजे तुमच्या कादंबरीतल्यासारखे, रहिवासी आणि पूर्वेतिहास असलेले शहर. अर्जुन बाण सोडतो तेव्हा ते कधी जमिनीत शिरते, कधी वर झेपावते, कधी आडवे पळते, कधी पाण्यात बुडी मारते. एवढ्या वर्णनात त्याला गंधर्वनगराची उपमा मिळते ती अगदी शेवटी, अर्जुनाने दानव मारल्यावर ते दिसेनासे होते तेव्हा! महाभारतकाराच्या मनात फरक किती स्वच्छ होता, ते इथे कळते.

‘हवेत इमले बांधणे’ही वेगळेच. इमले आपले आपण बांधतो. गंधर्वनगरी समोर दिसते आणि फसवते. नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकातली तळी आणि कारंजी पाहून मला हा शब्द हमखास आठवतो.

तुमच्या शहरासाठी ‘कल्पित नगरी’ पुरे, किंवा हिरण्यपुरासारखे खणखणीत विशेषनामच द्या. शेवटच्या प्रकरणात ते शहर नाहीसेच होणार असेल, तर मात्र ‘गंधर्वनगरी’ खुशाल वापरा.